पाचशेच्या आतली वाइन आणि तिच्यामागची दोन हजार वर्षं

'पाचशेच्या आत चांगली वाइन कुठली?'

हा प्रश्न हल्ली वसई-विरारमध्ये सर्रास ऐकू येतो. सोसायटीच्या थर्टीफर्स्टला, रिसेप्शनच्या हॉलबाहेर, लोकलच्या ग्रुपमध्ये. वीस वर्षांपूर्वी इथं असं कुणी विचारत नव्हतं. तेव्हा 'क्वार्टर कितीला?' एवढाच प्रश्न असायचा. आता लगेच गट पडतात. एक जण नाशिकची बाजू घेतो, दुसऱ्याला गोव्याची गोड पोर्टच लागते, तिसरा अकलूजच्या रेड वाइनचं कौतुक सांगतो. आणि नंदाखालचा किंवा भुईगावचा एखादा ख्रिस्ती मित्र सगळ्यांचं ऐकून घेतो आणि म्हणतो, 'अरे दुकानातलं सोडा, नाताळला घरी या.'

वाद वरवर जिभेचा दिसतो. पण जरा खोदलं की कळतं, परवडणारी वाइन कोणती हे जिभेनं फार कमी ठरवलंय. कशाला वाइन म्हणायचं, कशाला दारू म्हणायचं, कोणती बाटली स्वस्त होणार आणि कोणती बरणी गुन्हा ठरणार, हे आपल्या किनाऱ्यावर कायम राज्यकर्त्यांनी आणि त्यांच्या करांनी ठरवलं. आजही तसंच आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सोपाऱ्याच्या बंदरातून

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला बुरुड राजाचा कोट आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना याच सोपाऱ्यात मिळाला. आज त्या भागात चाळी आणि इमारतींची गर्दी आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. पुस्तक 'पेरिप्लस' या नावानं ओळखलं जातं. त्यात सोपाऱ्याचं आणि कल्याणचं नाव आहे. भरूचच्या बंदरात कुठला माल खपतो याची यादीही आहे आणि त्या यादीत वाइन आहे. नुसती 'वाइन' लिहून तो थांबत नाही. इटलीच्या वाइनला पसंती, त्याशिवाय लाओदिकेआची म्हणजे सीरियाच्या किनाऱ्यावरची आणि अरबस्तानची, असं तो लिहितो. राजासाठी उंची वाइन वेगळी न्यावी, असंही सांगतो.

म्हणजे 'कुठल्या प्रदेशाची वाइन बरी' ही चर्चा आपल्या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांची जुनी आहे. ती वाइन ज्या मातीच्या लांबट कुंभांतून यायची, त्या अँफोरांचे तुकडे नगर जिल्ह्यात नेवाशाला सापडलेत, आपल्या जवळ घारापुरीलाही सापडलेत.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथल्या व्यापारात अडथळे आले. चुकून तिकडे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जायची, असं तो लिहितो. इटलीची वाइन कल्याण-सोपाऱ्याला उतरणार की भरूचला, हे पिणाऱ्यांच्या आवडीवर नव्हतं. जकात कुणाच्या खिशात जाणार यावर होतं.

आपल्याकडचा ग्रंथ बघायचा तर कौटिल्याचं अर्थशास्त्र आहे. त्यात दारूच्या कारभारासाठी सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. आजच्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचा पूर्वजच म्हणा. द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्याला तिथं 'मधु' म्हटलंय आणि त्याची नावं प्रदेशावरून दिलीत: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातलं बेग्रामजवळचं शहर. बाटलीवर गावाचं नाव लावायची पद्धत फ्रेंचांनी शोधली असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण त्याच प्रकरणात कौटिल्य आणखी एक गोष्ट सांगतो. कुटुंबवत्सल माणसांना घरच्या कार्याला श्वेतसुरा करायची मुभा असावी, औषधासाठी अरिष्ट करायची मुभा असावी, आणि उत्सव, मेळे, यात्रा असतील तेव्हा चार दिवसांची सूट द्यावी. एरवी करवसुलीत काटेकोर असलेला हा माणूस सणासुदीच्या घरगुती मद्याला जागा ठेवतो. हे ध्यानात असू द्या, शेवटी लागणार आहे.

वेदीवरची वाइन, झाडावरची ताडी

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. चर्च उभी राहिली, मिस्सा सुरू झाली. कॅथलिक मिस्सेला वाइन लागते आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे ती द्राक्षाचीच, नैसर्गिक आणि न नासलेली असावी लागते. ताडी चालत नाही, जांभळाची चालत नाही. आता वसईत ऊस होता, केळी होती, नारळ होता, भात होता. द्राक्षाचा मळा कुठून आणणार? वेदीवरची वाइन बाहेरूनच यायची.

गावकरी काय पीत होते? माडी आणि ताडी. डोंगराकडच्या वारली-काथोडींची मोहाची. इथं दोन ओळी तयार झाल्या. एक परदेशातून आलेली, द्राक्षाची, पवित्र आणि मोठ्यांच्या टेबलावरची. दुसरी झाडावरून उतरलेली, रोजची, भंडाऱ्याच्या कमरेला लटकलेल्या भांड्यातली. दोन्ही आंबवलेला रसच. साखर आणि यीस्ट यांचा जो खेळ बोर्दोच्या पिंपात होतो, तोच वटारच्या माडाखालच्या मडक्यात होतो. पण समाजात दोघींची पायरी कायमची वेगळी झाली.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पेशव्यांच्या राज्यात मद्याला बंदी होती. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशवे दफ्तरावर जे लिहिलंय त्यात एक नोंद आहे: पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या वसई-चौलच्या मुलखात भंडारी, कोळी अशा किनाऱ्यावरच्या लोकांना मुभा दिली होती, पण ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी अंमलदारांना मनाई होती. आजच्या डोळ्यांनी बघितलं तर जातीवार कायदाच तो. पण ज्यांचं पोट आणि रोजचं जेवण माडावर अवलंबून आहे त्यांना एकदम गुन्हेगार ठरवून चालणार नाही, एवढं त्या राज्यकर्त्यांना कळत होतं.

अबकारी आली

इंग्रजांना बंदीत रस नव्हता, महसुलात होता. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि रस काढायचा तर झाडागणिक कर आणि परवाना, हे पक्कं झालं. ताडीची अडचण अशी की ती गावोगाव, झाडाझाडावर तयार होते. हजारो झाडांवर नजर कोण ठेवणार? त्यापेक्षा उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांत गाळलेली मोहाची दारू मोजायला आणि कर लावायला सोपी. म्हणून झाडावरचा कर वाढत गेला, ताडी महागली आणि माणूस सौम्य पेयाकडून कडक दारूकडे ढकलला गेला.

पुढे १८९२ साली खास मोहासाठी कायदा झाला. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत लागू होता. आपली वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात. मोहाची फुलं बाळगायला, विकायला, इकडून तिकडे न्यायला बंधनं आली. लक्षात घ्या, फुलं! दारू नव्हे. आदिवासी घरात मोहाची फुलं सुकवून भाकरीत, भाजीत घालतात, टंचाईच्या महिन्यांत ती पोटाला आधार असतात, गुराढोरांना घालतात. त्यातून दारू निघू शकते एवढ्या कारणावरून जंगलातलं अन्न संशयित ठरलं. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरची बंधनं महाराष्ट्र सरकारनं उठवली ती थेट २०२१ मध्ये. १८९२ ते २०२१, हिशोब तुम्हीच करा.

दारूबंदी, परमिट आणि 'वाइन शॉप'

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाईंचा आग्रह त्यामागे होता. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, गिरणी कामगारांचे पगार भट्टीत जात होते. पण त्या कायद्यातही धर्मविधीसाठी वाइन वापरायची परवानगी होती. म्हणजे वसईच्या चर्चमधली मिस्सा थांबली नाही. बाकीच्यांसाठी डॉक्टरच्या सल्ल्याचं हेल्थ परमिट आणि त्याच्या मागच्या दारानं हातभट्टी.

साठचं दशक सरता सरता बंदी सैल होत गेली, पण कायदा तोच राहिला. म्हणून आजही आपण बारला 'परमिट रूम' म्हणतो. कागदोपत्री आपण सगळे अजून परमिटवर पितो. एक दिवसाचा, वर्षाचा, आजन्म असे परवाने आहेत. ते किती जणांच्या खिशात असतात ते विचारू नका. वाइन आणि माइल्ड बिअरला वयाची अट २१, कडक दारूला २५.

आणि 'वाइन शॉप' या शब्दाचा विचार कधी केलाय? एफएल-टू लायसनचं दुकान, आत नव्वद टक्के जागा व्हिस्की-रमची, पाटीवर मात्र 'वाइन्स'. वाइन पिणारं गिऱ्हाईक नव्हतं तेव्हाही पाटी वाइनचीच होती, कारण त्या शब्दाला अब्रू आहे. शेजारी 'देशी दारूचे दुकान', त्याला अब्रू नाही. वेदी आणि माड यांच्यातलं पोर्तुगीज काळातलं अंतर आज या दोन पाट्यांमध्ये दिसतं.

द्राक्षं आपली झाली

आता आजच्या बाटल्यांकडे येऊ. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला शातो इंडाज काढलं. फ्रेंच तंत्र आणून स्पार्कलिंग वाइन केली, 'ओमर खय्याम' नावानं परदेशात विकली. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षाची वाइन लंडनला जाते ही तेव्हा बातमी होती. नाशिकच्या पिंपळगाव बसवंतला शेतकरी संघटनेचे माधवराव मोरे यांनी प्रयत्न केला. कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबानं वेली लावल्या. मग अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला सुरू केली. २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आज देशातल्या वाइनच्या बाजारात निम्म्याहून जास्त वाटा या एका कंपनीचा आहे.

पण हे फक्त उद्योजकांच्या हिमतीवर झालं असं कुणी सांगत असेल तर अर्धंच सांगतोय. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. अबकारीत सवलत दिली, परवाने सोपे केले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. पुढे वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत द्यायची योजना आली. तुमची पाचशेच्या आतली नाशिकची बाटली पाचशेच्या आत राहते त्यात या परताव्याचा वाटा आहे.

परदेशी बाटली त्या भावात का येत नाही? कारण आयात वाइनवर १५० टक्के शुल्क आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, त्यात सवलत दिली ती पाच डॉलरहून महाग बाटलीला. त्याखालच्या स्वस्त बाटलीला काही नाही. कारण स्वस्त परदेशी वाइन आली तर पहिला फटका नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याला. भूमिका म्हणून मला ती पटते. पण मग 'बाजारात जे चांगलं ते टिकतं' ही भाषा तरी करू नका. दोन हजार वर्षांपूर्वी जहाज भरूचला वळवत होते, आता शुल्कानं वळवतात.

शेतकऱ्याचीही बाजू सांगतो. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्या हवेत तो झोपतच नाही. म्हणून दोन छाटण्या कराव्या लागतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. द्राक्ष येतं जानेवारी ते मार्चमध्ये. औषध, मजुरी, अवकाळी पाऊस, सगळं धरून ही महाग शेती आहे. २००८ नंतर मंदी आली, टाक्या भरून राहिल्या, कंपन्यांनी माल उचलला नाही, इंडाज कर्जात बुडाली. अनेकांनी हौसेनं लावलेल्या वाइन द्राक्षाच्या बागा उपटून टाकल्या. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते खायला बाजारात चालत नाही. कंपनीनं घेतलं नाही तर शेतकऱ्याला दुसरा दरवाजा नाही.

मग कोणती बरी?

एवढं ऐकल्यावर मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. मी वाइनतज्ज्ञ नाही, पण आमच्या मित्रमंडळीत बऱ्याच बाटल्या घासल्यात. आमचं मत असं.

नाशिकची शेनिन ब्लाँ, जराशी गोडसर पांढरी वाइन, चांगली गार करून, कुरकुरीत तळलेल्या बोंबलाबरोबर. या जोडीला आमच्यात विरोध झालेला नाही. सोव्हिन्यों ब्लाँ जरा आंबट, हिरवट वासाची, ती कोळंबीबरोबर बरी. पहिल्यांदा पिणाऱ्याला शेनिन सोपी जाते.

रेड वाइनसाठी अकलूज. सोलापूर जिल्ह्यात, साखर कारखान्यांच्या मुलखात, मोहिते-पाटील कुटुंबानं इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्ली काढली. 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. त्यांची साधी शिराझ मिरमिरीत असते. वसईच्या ख्रिस्ती घरातल्या इंद्यालाबरोबर किंवा सोरपोतेलाबरोबर ती टिकते, पांढरी वाइन तिथं हरवते.

गोव्याची पोर्ट सगळ्यात स्वस्त, गोड आणि आमच्या आधीच्या पिढीची लाडकी. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, ब्रँडी घालून कडक केलेली. तिथं १७५६ सालीच कुठल्या शेताच्या द्राक्षाला पोर्ट म्हणायचं याच्या हद्दी आखल्या गेल्या. गोव्यात व्यापारी द्राक्षशेती नाही. गोव्याच्या पोर्टमधलं द्राक्ष येतं घाटावरून, कर्नाटकातून आणि आपल्याकडून. म्हणजे जिला आपण गोव्याची म्हणतो तिच्यात गोव्याची फक्त बाटली आणि आठवण. तरी नाताळच्या केकबरोबर ती चांगली लागते, हे मान्य करायलाच हवं.

पालघर जिल्ह्याचा मानही राखतो. बोर्डीला हिल झिल वाइन्सनं चिकूची वाइन काढलीय, 'फ्रुझांते' नावानं. घोलवड-डहाणूच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. चिकू पिकला की दोन-तीन दिवसांत हलवावा लागतो, नाहीतर फेकावा लागतो. त्या फळाची वाइन होते, तीही आपल्या जिल्ह्यात, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बरणीतली वाइन

राहिली ती न विकली जाणारी वाइन. नाताळच्या आधी वसईच्या ख्रिस्ती घरांत चिनी मातीची बरणी निघते. काळी द्राक्षं, नाहीतर काळे मनुके, साखर, यीस्ट, मूठभर गहू. कुणी आलं घालतं, कुणी जांभळाची करतं, कुणी बीटाची. तोंडाला फडकं बांधायचं, रोज लाकडी पळीनं ढवळायचं, एकवीस दिवसांनी मलमलच्या कापडातून गाळायचं. नाताळला पाहुणा आला की फुगे, केक आणि इवल्याशा ग्लासात ती वाइन. वेदीवरची वाइन परदेशातून यायची, घरची मात्र वसईच्या बायकांनी आपल्या हातानं उभी केली. किती साखर, किती दिवस, हे सासूकडून सुनेकडे आलंय.

कायद्याचं म्हणाल तर परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. घरच्या बरणीला वेगळी सूट नाही. कुणी धाड घालत नाही ही गोष्ट वेगळी. पण 'कुणी धाड घालत नाही' हा काही हक्क होत नाही. केरळात २०१९ च्या डिसेंबरमध्ये अबकारी खात्यानं घरगुती वाइनविरुद्ध इशारा दिला तेव्हा तिथल्या ख्रिस्ती घरांत धास्ती पसरली होती. उद्या आपल्याकडे एखाद्या साहेबाला वाटलं, तर?

दुसरीकडे २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली. केवढा गदारोळ झाला आठवतंय? महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र केलं असा आरोप झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आलाच नाही. वाइन म्हणजे दारू की नाही, यावर टीव्हीवर आठवडाभर भांडण चाललं. त्या सगळ्या भांडणात माडीवाला कुठं होता? मोहवाली आदिवासी बाई कुठं होती? बरणीवाली वसईकर मावशी कुठं होती? चर्चा होती ती फक्त कंपनीच्या बाटलीची.

गोव्याकडे बघा. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे राज्यानं तिला वारसा म्हणून मान्यता दिली. मध्य प्रदेशनं २०२२ मध्ये मोहाच्या दारूसाठी हेरिटेज धोरण आणलं. अमेरिकेत दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाइन घरी करता येते, अट एकच, विकायची नाही.

कुणी गैरसमज करून घेऊ नये. दारूनं घरं उद्ध्वस्त होताना मी बातमीदार म्हणून जवळून बघितलीत. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली, ती सगळी हातावर पोट असलेली. 'उभी बाटली, आडवी बाटली' अशा मतदानात गावच्या बायका आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद पाडतात, तो त्यांचा हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण मालवणीत मेलेली माणसं ताडी किंवा नाताळची वाइन पिऊन मेली नाहीत. मिथेनॉल घातलेल्या दारूनं मेली. सौम्य, ओळखीचं, माणसाच्या नजरेसमोर तयार होणारं पेय महाग आणि बेकायदा केलं की गरीब माणूस कुठे ढकलला जातो, हे आपण १८७८ पासून बघतोय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. द्राक्षाच्या वाइनला धोरण दिलंत, परतावा दिलात, पार्क दिलेत, चांगलं केलंत. शेतकरी जगला. आता तोच न्याय आमच्या चिकूला, जांभळाला, केळ्याला आणि मोहाला द्या. लहान उत्पादकाला भरता येईल अशी परवाना फी ठेवा. आणि सणाला घरी, घरच्यांसाठी, न विकता केलेल्या चार-पाच बाटल्यांना कायद्यात स्पष्ट सूट द्या. कौटिल्यासारख्या कडक माणसाला ते जमलं होतं, विधानसभेला जमायला हरकत नाही. पालघर जिल्ह्याच्या आमदारांपैकी कुणी हा मुद्दा अधिवेशनात मांडला तर त्याची बातमी मी पक्ष न बघता लावीन.

तोवर पाचशेच्या आतली बाटली घेताना मागचं लेबल वाचा. द्राक्ष कुठलं, बाटली कुठं भरली, दोन्ही लिहिलेलं असतं. आणि तुमच्या घरी नाताळची वाइन होत असेल तर आजीचं प्रमाण वहीत उतरवून ठेवा. किती किलोला किती साखर, किती दिवस, कुठलं भांडं. या किनाऱ्याच्या वाइनचा इतिहास लिहायचा तर पेरिप्लसइतकीच ती वहीसुद्धा लागणार आहे.